मोठ्या टेंडरच्या आधी दुसरी साइट सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, बी.ई. सिव्हिल, तालुक्याच्या गावी आठ वर्षांपासून स्वतःच्या नावावर फर्म. बंगले, जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्या, ग्रामपंचायतीची गटारं आणि काँक्रीट रस्ते अशी कामं. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या घरात. हाताखाली एक सुपरवायझर आणि हिशेब बघणारा एक मुलगा. आता जवळच्या ओढ्यावर चार कोटींच्या पुलाचं टेंडर निघालंय. ठेकेदार म्हणून असलेल्या स्वतःच्या नोंदणीच्या वर्गात ते बसत नाही, म्हणून ओळखीच्या एका मोठ्या ठेकेदाराच्या नावावर भरायचं चाललंय. "असं एक मोठं काम मारलं की फर्म वरच्या पायरीवर जाईल ना?" असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यात २९ वर्षं हाच धंदा करतोय. पुलाचं शेवटी बोलतो, कारण त्याआधी एक गोष्ट तपासावी लागेल. आज तुमच्या दोन साइट एकाच दिवशी चालू असतील आणि तुम्ही त्यातल्या एकीवर दिवसभर फिरकलाच नाहीत, तर तिथलं काम तुमच्या मनासारखं होतं का? होत असेल, तर फर्म वाढायला तयार आहे. होत नसेल, तर चार कोटींचं काम घेऊन फक्त नुकसानीचा आकडा मोठा होईल. आमच्या भागात दहा-बारा वर्षं नाव कमावलेल्या फर्म बसताना मी पाहिल्या. बहुतेकांना कामं भरपूर होती, पण सगळ्या साइटवर मालक एकटाच धावत होता.

माझं सांगतो. २००४ साली मिरजेत एका इमारतीचा स्लॅब होता आणि त्याच दिवशी जत तालुक्यात शाळाखोल्यांचे कॉलम भरायचे होते. दोन्हीत सत्तर-ऐंशी किलोमीटरचं अंतर. स्लॅब मोठा म्हणून मी मिरजेत थांबलो, जतला सुपरवायझरला पाठवलं. दोन दिवसांनी फळ्या काढल्या तेव्हा मी तिथे पोचलो. सहापैकी चार कॉलमच्या बुडाशी वीतभर उंचीपर्यंत खडी उघडी पडली होती. बोटाने खडे निघत होते, आतली रिंग (सळयांभोवतीची लोखंडी कडी) दिसत होती. चौकशी केल्यावर कळलं की व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) निडल सकाळीच जळाली. दुसरी आणायची तर जत शहरात जावं लागलं असतं, दोन तास गेले असते, आणि सेंट्रिंगवाला (फळ्यांचा साचा उभारणारा) दुसऱ्या दिवशी कर्नाटकात जाणार होता. म्हणून सुपरवायझरने सळईने कोचून कॉलम भरून टाकले.

मी त्याला विचारलं, "फोन का केला नाहीस?" तो म्हणाला, "स्लॅबच्या गडबडीत तुम्ही चिडला असता." आणि ते खरं होतं. त्याआधी तीन वेळा मी त्याला असल्याच कारणावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. वाईट बातमी लपवायला त्याला मीच शिकवलं होतं. चारही कॉलम फोडले, पुन्हा भरले. नफा तर गेलाच, वर घरचे पैसे गेले. पण पैशापेक्षा जास्त मला हे लागलं की त्या खोल्यांत पहिली-दुसरीची पोरं बसणार होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आमच्या पिढीने शिकताना पाहिलाय. शाळेचा कॉलम म्हटलं की तो आठवतो.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक ओतकामाआधी एक कागद भरला जातो. साधा, मराठीत, एका पानाचा. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून अंतरावर ठेवणारे ठोकळे) लागले का, रिंगांचं अंतर नकाशाप्रमाणे आहे का, जॅक (साच्याला खालून आधार देणारे टेकू) ओळंब्यात आहेत का, डिझेल आणि पाणी किती आहे, व्हायब्रेटर चालवून पाहिला का, दुसरी निडल साइटवर आहे का. खाली सुपरवायझर, सेंट्रिंगवाला आणि सळईवाला या तिघांच्या सह्या. त्यातल्या कुणालाही काम थांबवण्याचा अधिकार आहे आणि थांबवलं म्हणून कुणाला बोलायचं नाही, हा नियम मी स्वतःवर घालून घेतला. पहिल्या वर्षात दोनदा काम थांबलं. एकदा विनाकारण थांबलं होतं, तरीही मी काही बोललो नाही. त्या दिवसानंतर फोन येऊ लागले.

साइटवर मालक नसला की सगळ्यात आधी पाणी बिघडतं. एका गोणीच्या मिक्सरला पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ धरलं तर ५० किलोच्या गोणीमागे २५ लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल घट्ट वाटला की पाटी वाहणारे म्हणतात, "थोडं सैल करा." मिक्सरवाला अर्धी बादली ओततो. पाच लिटर जादा गेलं की प्रमाण ०.६ वर जातं आणि ताकद तिथेच उतरते. एम२५, म्हणजे २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटच्या मिक्स डिझाइनमध्ये आपण सरासरी ३१.६ चं लक्ष्य धरतो, ते याच चढउतारासाठी. पण रोजच्या अर्ध्या बादलीला ते किती पुरणार? यावर उपाय ओरडण्याचा नाही. मिक्सरजवळ खूण केलेली मोजाची बादली ठेवा, स्लम्पचा (ओला माल किती सैल आहे ते तपासायचा) साचा ठेवा आणि ते वापरणारा एक ठरलेला माणूस ठेवा. माल खरंच घट्ट वाटत असेल तर मिश्रणातच बदल करा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब भरताना सुपरवायझर "चांगला" माल निवडून भरत नाही ना, हे अधूनमधून अचानक जाऊन बघा. १५० मिलिमीटरचे ते ठोकळे २८ दिवसांनी खरं बोलले पाहिजेत. ते खोटं बोलले तर तुमच्याच फर्मची फसवणूक होते.

म्हणून वाढीचा पहिला खर्च माणसावर करा. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेला एक चांगला डिप्लोमावाला मुलगा किंवा मुलगी घ्या. (आमच्याकडची एक साइट इंजिनिअर मुलगी सात वर्षांपासून दोन-दोन साइट सांभाळते, लेव्हल (उंचीची पातळी) मोजण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही.) पहिलं वर्षभर सोबत फिरवा, दुसऱ्या वर्षी एक लहान काम पूर्ण सोपवा. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, बिल येवो न येवो. नव्या पोरांना "बिल आलं की देतो" हे वाक्य एकदा ऐकवलं की ती मनाने निघून जातात. मिस्त्री आणि मुकादमाच्या बाबतीतही तेच. उचल देऊन माणूस बांधून ठेवता येतो, पण तो दुसरीकडे जास्त उचल मिळाली की जातो. शनिवारी हजेरीचा हिशेब चोख मिळणाऱ्या टोळ्या आमच्याकडे वीस-वीस वर्षं टिकल्यात.

आता पैसा. आठ वर्षांत तुम्हाला हे कळलं असेलच, पण मोठ्या कामात त्याचा आकार बदलतो. एक कोटीचं काम १५ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने घेतलं, म्हणजे ८५ लाख. जीएसटी त्यावर वेगळा. या ८५ लाखांतून काय कापलं जातं बघा. ५ टक्के सुरक्षा अनामत धरली तर सव्वाचार लाख. तुमची एकट्याच्या नावावरची फर्म असल्याने आयकराचा टीडीएस (बिलातूनच आधी कापला जाणारा कर) १ टक्का, ८५ हजार. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, १ लाख ७० हजार. कामगार कल्याण उपकर १ टक्का, आणखी ८५ हजार. बेरीज ७ लाख ६५ हजार. इतकं काम १५ टक्के बिलो घेऊन तुम्ही आठ टक्के नफा काढलात तर ती उत्तम कामगिरी. तो नफा होतो ६ लाख ८० हजार. म्हणजे तुमच्या सगळ्या नफ्यापेक्षा जास्त रक्कम कापलेली असते. टीडीएस पुढे वळता होतो, अनामत दोष दायित्वाचा काळ (कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर परत येते, उपकर मात्र गेला तो गेला. तोपर्यंत सळईवाल्याचे आणि मजुरांचे पैसे दुसरीकडून उभे करायचे असतात.

चार कोटींच्या कामात हेच चौपट. त्यात देयक निघायला तीन-चार महिने लागले तर? २०२५ साली थकलेल्या बिलांसाठी राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली, ती तुम्ही पाहिली असतील. जलजीवन मिशनसारख्या कामांत चांगली माणसं अडकली. म्हणून आम्ही एक पट्टी ठेवलीय. कामाच्या सुरुवातीपासून चार महिने एक रुपयाही आला नाही तरी काम आणि पगार चालतील, एवढी सोय हातात असेल तरच टेंडर भरायचं. त्यात स्वतःचे पैसे, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि दुकानदाराची उधारी हे सगळं धरायचं. सावकारी किंवा आठवड्याच्या व्याजाचा पैसा त्यात धरायचा नाही. सीसीचं लिमिट गरज पडल्यावर मागायला गेलात तर मिळणार नाही. ताळेबंद चांगला असलेल्या वर्षीच वाढवून घ्या.

बिलो जाण्याबद्दलही बोलतो, कारण तिथेच बहुतेक तरुण फर्म फसतात. दर विश्लेषण न करता "तो अठरा गेला, मी वीस जातो" असं भरलं जातं. ठराविक टक्क्यांखाली गेलं की जादा अनामत भरावी लागते, म्हणजे ज्या कामात पैसा कमी त्यातच जास्त पैसा अडकतो. त्यात करांचे दर मध्येच बदलतात. १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामाचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा चालू कामांच्या फरकासाठी किती जणांनी किती फेऱ्या मारल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरक आता दरात धरायचा की नाही, हेही टेंडर भरण्याआधीच सी.ए.ला विचारा. भाववाढीचं कलम निविदेत आहे का आणि किती मुदतीच्या कामाला लागू आहे, हे वाचल्याशिवाय सही करू नका. आम्ही सळई, सिमेंट, खडी, क्रशसँड आणि मजुरी एवढ्या पाच गोष्टींचे चालू दर दर सोमवारी एका वहीत लिहितो. टेंडर भरताना ती वही उघडी असते.

सरकारी कामात मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची आणि ज्यावरून बिल निघतं ती वही) म्हणजे तुमचा पगार. जमिनीखाली झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी शाखा अभियंत्यासोबत मोजा, तारखेसह सही घ्या, टेप आणि दोरी दिसेल असा फोटो काढा. एका पाझर तलावाच्या दुरुस्तीत मी हे केलं नाही. काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत अंदाजपत्रकापेक्षा दीड मीटर जास्त खोल जावं लागलं. तेव्हाचे अभियंता म्हणाले, "करा, नंतर बघू." त्यांची बदली झाली. नव्या माणसासमोर माझ्याकडे काहीच नव्हतं, फक्त भरलेली जमीन. त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी न पाहिलेल्या मातीवर सही कशी करायची? आता जादा काम निघालं की त्याच दिवशी पत्र जातं आणि पोच घेऊन फाइलला लागते. पत्र लिहिल्याने संबंध बिघडतात असं सुरुवातीला वाटायचं. प्रत्यक्षात चांगल्या अधिकाऱ्यालाही त्या पत्राचा आधार वाटतो.

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर बंगल्यांबद्दल एक सांगतो. खासगी कामं सोडू नका. टप्प्याटप्प्याने रोख येणारा पैसा तिथूनच येतो, आणि गावात नावही तिथूनच होतं. फक्त प्रत्येक बंगल्याला चाचणी खड्डा घ्या. मालकाला पाच हजार रुपये जादा वाटतात, पण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन कुणाचं ऐकत नाही. प्लिंथखाली (जोत्याखाली) न फुगणाऱ्या मुरमाचा थर नीट दाबून घेतला नाही, तर तिसऱ्या उन्हाळ्यात फरशी उचलते आणि मालक गावभर तुमचं नाव सांगत फिरतो.

यंत्रसामग्रीबाबत माझं मत अनेकांना पटत नाही. पहिली खरेदी जेसीबीची करू नका. सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक, दोन मिक्सर, तीन व्हायब्रेटर आणि एक चांगलं ऑटो लेव्हल, एवढं स्वतःचं असलं की वेळ तुमच्या हातात राहतो. मोठं मशीन महिन्याला दीडशे तास स्वतःच्याच कामावर चालणार असेल तेव्हा घ्या. हप्ता भरायचा म्हणून कामं धरणारे ठेकेदार मी पाहिलेत. मग ते कितीही टक्के बिलो जातात.

विमा मात्र पहिल्या दिवसापासून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या एका साइटच्या गोदामात कृष्णेचं पाणी आलं. तीनशेहून जास्त गोण्या सिमेंट होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर गोण्यांच्या आकाराचे दगड रचून ठेवल्यासारखे दिसत होते. छावणीतून परतलेल्या कामगारांनीच ते फोडून बाहेर काढले. ठेकेदाराचा सर्वसमावेशक विमा काढायचा त्या वर्षी माझा राहून गेला होता. कामगारांच्या विम्याचं तर सांगायलाच नको. वीस माणसं झाली की पीएफचा कायदा लागू होतो. त्याआधीच बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी करून द्या. त्यांच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळते, आणि ती टोळी तुमच्याकडे का टिकते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भागीदारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. आपल्या मातीतलं उदाहरण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद बांधकामात आले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या जोडीने. फाटक रेल्वेत कारकून होते, त्यांना कामाची माहिती होती. वालचंदांच्या घरी पैसा आणि बाजारात पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली, पुढे भोर घाटातले बोगदे झाले आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. कोयना धरण याच कंपनीने बांधलं. तुम्हाला काम येतं, तेव्हा भागीदार घ्यायचाच तर हिशेब आणि पैशाची शिस्त असलेला घ्या. दोन साइट इंजिनिअर एकत्र आले की दोघेही साइटवर जातात आणि ऑफिसात कुणीच बसत नाही. फर्मचं स्वरूप बदलणार असाल तर नोंदणी वर्ग आणि अनुभव नव्या नावावर कसे नेता येतील, हे आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडून लेखी विचारून घ्या. टेंडरच्या तोंडावर हे होत नाही.

आता पूल. दुसऱ्याच्या नावावर भरू नका. पैसा तुमचा, घाम तुमचा, पण कार्यारंभ आदेश त्यांच्या नावाचा, जीएसटी क्रमांक त्यांचा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्यांचाच. पाच वर्षांनी पुढच्या टेंडरला "समान स्वरूपाचं काम" मागतील तेव्हा तुमच्या फाइलमध्ये तो पूल नसेल. उलट काही बिघडलं तर साइटवर तुम्ही सापडाल. निविदेत संयुक्त भागीदारी चालत असेल तर तीच करा. नोंदणीकृत करारात तुमचा हिस्सा टक्क्यात लिहा आणि बँक खातं दोघांच्या सहीचं ठेवा. ते चालत नसेल तर हे टेंडर जाऊ द्या. त्याऐवजी पन्नास-साठ लाखांच्या दोन-तीन मोऱ्या किंवा स्लॅब ड्रेन (रस्त्याखालून पाणी जाण्याची छोटी बांधकामं) तुमच्याच नावावर करा. निविदा क्षमतेचं, म्हणजे किती रकमेपर्यंतचं टेंडर भरता येईल याचं गणित अनेक ठिकाणी असं असतं: गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाची उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले दोन, वजा हातातली कामं. तुमचे दोन कोटी, दीड वर्ष आणि हातातलं सव्वा कोटीचं काम धरलं तर ते पावणेपाच कोटींवर जातं. म्हणजे क्षमता कागदावर आजच आहे, कमी पडतोय तो नोंदणीचा वर्ग आणि पुलाच्या कामाचा दाखला. या दोन्ही गोष्टी दोन वर्षांत होतात, आणि त्याच दोन वर्षांत तुमच्या मागे एक साइट इंजिनिअर तयार होतो.

आणि संयुक्त भागीदारीत भरायचं ठरलंच, तर दीड वर्षाची मुदत म्हणजे दीड वर्ष काम असं समजू नका. ओढ्यातला पाया फक्त पाणी उतरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते मे एवढ्यातच होतो. पहिल्या हंगामात पाये आणि पिअर (पुलाचे खांब) पाण्यावर आले नाहीत तर पूर्ण पावसाळा यंत्रं आणि माणसं बसून राहतात. पाणी उपसायचा खर्च दरात वेगळा धरा. दर भरण्याआधी त्या जागेवर एकदा जोरदार पावसात जा. बरोबर त्या गावातला सत्तरीचा एखादा माणूस घ्या आणि पाणी कुठल्या झाडापर्यंत, कुठल्या देवळाच्या पायरीपर्यंत चढलं होतं ते दाखवायला सांगा. ती खूण लेव्हलने मोजून नकाशातल्या पूररेषेशी ताडून पाहा. फरक निघाला तर निविदापूर्व बैठकीत तो लेखी मांडा.